सोनचाफ्याची पोच

सकाळी सव्वासात वाजता तहसीन मुजावरनं सोनचाफ्याच्या बुंध्यापासून दोन हातांवर टोचणी जमिनीत दाबली. आठ वाजायच्या आत टोचणीनं उत्तर दिलं. झाडाच्या दक्षिणेला, गुडघाभर खोलीवर, रांजणाएवढा एक भाग होता. त्यात एकही जिवंत मूळ नव्हतं.

तो भाग म्हणजे उदय रेडकर. दहा वर्षांपूर्वी, रक्षाविसर्जनाच्या दिवशी, त्यांची सगळी रक्षा त्या खड्ड्यात घालून खड्ड्याच्या काठावर सोनचाफ्याचं रोप लावलं होतं.

उदयची बायको वृषाली चहाचा कप धरून शेजारी उभी होती. तहसीननं टोचणीच्या यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. ओढ्याचं पाणी धोंड्याला वळसा घालून जातं, तशी सगळी मुळं त्या भागाला वळसा घालून गेली होती. पूर्वेकडून, पश्चिमेकडून, दोन तर खालून. आत एकही शिरलं नव्हतं. वृषालीनं विचारलं, हे यंत्र चुकतं का. तहसीन म्हणाली, चुकतं, पण एवढं नाही.

जयसिंगपूरच्या आसपास ही रीत आता जुनी झाली होती. रक्षा नदीत सोडायची नाही, रानात किंवा परसात खड्डा काढायचा, वर झाड लावायचं. वृषालीच्या माहेरी तीन पिढ्या असंच करत आलेल्या. उदय मात्र वेंगुर्ल्याकडचे. सूतगिरणीत इलेक्ट्रिशियन म्हणून आले आणि इथलेच झाले. ते गेले तेव्हा त्यांचा भाऊ तांब्या घेऊन आला होता. ओंजळभर रक्षा द्या, आमच्या समुद्रात सोडतो, म्हणाला. वृषालीनं दिली नाही. तिचा भाऊ धैर्यशील तिच्या बाजूनं उभा राहिला. माणूस वाटून घ्यायचा नसतो, असं तो तेव्हा म्हणाला होता आणि स्मशानातून शेणींच्या राखेसकट सगळंच भरून आणलं होतं. चार पोती. चारही त्या एका खड्ड्यात गेली. वरनं पाणी घालून, पायानं दाबून.

राख झाडाला चांगली, हे सगळ्यांनाच माहीत होतं. उदयच्या गावी माडाच्या बुडाशी राख घालतातच. पण तिथली तांबडी माती आंबट असते, राखेनं तिचा आंबटपणा उतरतो. इथली काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात उसाच्या पाण्यानं क्षार वर आलेले. अशा मातीत चार पोती राख म्हणजे खारट आमटीत मिठाची मूठ. मातीत लोह असतं, पण ते बंद पेटीत असल्यासारखं होतं, मुळाला मिळत नाही. पान शिरांपुरतं हिरवं राहतं आणि बाकीचं पिवळं पडतं. सोनचाफा गेली तीन वर्षं तसाच दिसत होता. वृषालीला वाटे, उन्हानं.

टोचणी म्हणजे हातभर लांबीची पोलादी सळई. तिच्या टोकाशी मातीचा वास घेणारी, ओल मोजणारी आणि विजेचे बारीक ठोके देऊन मुळांचा नकाशा काढणारी यंत्रं बसवलेली. मूठभर निरोगी मातीत पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा जास्त जीव असतात. ते श्वास सोडतात, बुरशीच्या तंतूंतून देवाणघेवाण करतात. टोचणीला ते कळतं. परसबागा आणि सोसायट्यांच्या हिरवळी तपासणारे सल्लागार आता प्रत्येक तालुक्याला होते. तहसीन त्यांपैकीच, कृषी पदवीधर, रोपवाटिकेच्या मागच्या खोलीत तिचं ऑफिस.

पण वृषालीच्या मुलीनं, ओवीनं, नाशिकहून तिला पाठवलं होतं ते मातीसाठी नव्हे. पोच काढायला.

पोचेची कथा अशी. खतांच्या कंपन्यांनी आपलं खत पिकात खरंच गेलं हे दाखवण्यासाठी एक तपासणी काढली होती. स्ट्रॉन्शियम नावाचा धातू हा कॅल्शियमचा सावत्र भाऊ. कॅल्शियम जिथं जातो तिथं तो मागोमाग जातो: खडकातून मातीत, मातीतून भाजीत, भाजीतून हाडांत. त्याचे जड आणि हलके असे प्रकार असतात आणि त्यांचं प्रमाण खडकागणिक बदलतं. सह्याद्रीच्या अलीकडचा काळा पाषाण वेगळा, वेंगुर्ल्याकडचा त्याच्या कितीतरी पट जुना खडक वेगळा. माणसाच्या हाडांत तो जिथलं अन्न खातो तिथली खूण उतरते. हाडं हळूहळू नवी होतात, पण दातांत लहानपणची माती शेवटपर्यंत राहते. जाळलं तरी ती खूण पुसली जात नाही. पानाचा तुकडा लेझरखाली धरला की तिचं प्रमाण सांगता येतं.

हे कळल्यावर लोकांनी खताचा नाद सोडला आणि आपली माणसं शोधायला सुरुवात केली. ज्यांनी रक्षेवर झाडं लावली होती ते सल्लागारांकडे रांग लावून उभे राहिले. आमचे वडील आंब्यात आलेत का? आई लिंबात किती आली? कुणी निकाल चौकटीत लावून भिंतीवर टांगले. शिरोळमध्ये दोन भावांनी एका आईची रक्षा दोन बांधांवर घातली होती. धाकट्याच्या पेरूत आई जास्त निघाली, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. लोक या निकालाला पोच म्हणत. पोस्टात तीस वर्षं काढलेल्या वृषालीला तो शब्द पटला होता.

सोनचाफ्याच्या पानाचा निकाल त्याच दिवशी दुपारी आला. पोच नाही. उलट आकडा शून्याच्याही खाली दाखवत होता. तहसीननं त्याला मोजणीतला दोष म्हणून बाजूला ठेवलं. निकाल वृषालीकडे आला तसा ओवीकडेही गेला.

ओवीचा फोन संध्याकाळी आला. वडील गेले तेव्हा ती एकोणीसची होती. तेव्हापासून दर श्रावणात वृषाली तिला चाफ्याची फुलं कुरियरनं पाठवायची आणि ओवी ती सुकवून ठेवायची. ‘बाबांची फुलं’ म्हणायची. आता तिनं एवढंच विचारलं की मग ती फुलं कुणाची होती. वृषालीनं सांगितलं, चाफ्याची.

दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःच आली. धैर्यशीललाही बोलावणं गेलं. तहसीननं तिघांना सोनचाफ्यापाशी उभं करून परिस्थिती सांगितली. हे असंच राहिलं तर झाड फार तर दोन पावसाळे काढील. उपाय दोन. एक, तो भाग उकरून काढायचा आणि नदीत किंवा समुद्रात सोडायचा. दुसरा, तो उकरायचा, फोडायचा आणि गंधक, पालापाचोळ्याचं खत आणि जिवाणूंचं विरजण मिसळून सगळ्या बागेत पातळ पसरायचा. एका ठिकाणी असला की ते विष, सगळीकडे असला की खत.

“म्हणजे आम्ही बाबांना दोडक्यात घालायचं?” ओवीनं विचारलं.

“अन् मग दोडका खायचा,” धैर्यशील म्हणाला. “भावजींना दोडका कधी आवडला नाही, आता त्यांचाच दोडका. काय ओ ताई, दुसरं काही नाही का तुमच्याकडं?”

तहसीन म्हणाली, तिसरा उपाय म्हणजे काहीच न करणं.

ओवीला पहिला उपाय हवा होता. काकांना तेव्हाच ओंजळ दिली असती तर बाबा त्यांच्या समुद्रात गेले असते, आपण त्यांना इथं कोंडून ठेवलं, असं ती म्हणाली. ती हे रागानं बोलली नाही आणि म्हणूनच वृषालीला ते जास्त लागलं.

वृषालीनं तहसीनला एकच प्रश्न विचारला. हात लावला नाही तर ते तिथं किती दिवस राहतील?

तहसीननं विचार करून उत्तर दिलं. हाडाचा चुना अशा मातीत विरघळत नाही. मुळं जात नाहीत, बुरशी जात नाही, गांडूळ जात नाही. “पन्नास वर्षं कुठं जात नाहीत, काकू. कदाचित शंभरसुद्धा.”

“मग राहू देत.”

“झाड जाईल.”

“जाऊ दे. मी झाडासाठी त्यांना तिथं ठेवलेलं नाही. त्यांच्यासाठी झाड ठेवलंय.”

ओवी त्याच रात्रीच्या बसनं परत गेली. जाताना पाया पडली, पण नेहमीसारखी गळ्यात पडली नाही. धैर्यशील बहिणीला म्हणाला की तू लहानपणापासून अशीच, हातातला लाडू संपेल म्हणून खाल्ला नाहीस आणि मुंग्यांनी नेला. वृषालीनं त्याला जेवायला वाढलं आणि विषय बदलला.

चाफ्याच्या दक्षिणेला एक दगड होता. संध्याकाळी दिवा लावून झाला की ती त्यावर बसायची. दहा वर्षांत हे क्वचितच चुकलं असेल. बोलायची असं नाही. उदय हयात असतानाही ती दोघं फार बोलत नसत. ते गिरणीतून आले की पायरीवर बसून बूट काढायचे, ती शेजारी भाजी निवडायची आणि तेवढ्यात दिवसाचं सगळं सांगून व्हायचं. दगडावर तिला तेच मिळायचं. आता ती बसली की पडद्यावरचं चित्र डोळ्यांपुढे यायचं. वळसा घालून गेलेली मुळं. तिला वाटे, दहा वर्षं ते हात पसरून आहेत आणि कुणी त्यांच्याकडे जात नाही. मग वाटे, निदान आहेत तरी. कुठं गेलेले नाहीत. पायाखाली हातभर अंतरावर आहेत, एवढं तरी कुणाला सांगता येतं?

श्रावणात झाडाला मोजून चार-पाच फुलं आली. पिवळी नव्हे, पांढुरकी. वास होता, पण नाक टेकवलं तरच कळावा एवढा. ओवीला पाठवावीत की नाही हे तिला ठरवता येईना आणि तोवर ती कोमेजली.

पाऊस उघडल्यावर तहसीन पुन्हा आली, न बोलावता. तिला तो शून्याखालचा आकडा सुटत नव्हता. पोच काढायची तर दोन पानं लागतात. एक रक्षेवरच्या झाडाचं, दुसरं त्याच आवारातल्या लांबच्या झाडाचं, म्हणजे इथल्या मातीची नुसती खूण कळते. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरते ती माणसाची खूण. तिनं दुसरं पान मागच्या नळापाशी असलेल्या कढीपत्त्याचं घेतलं होतं. आता तिनं मोगऱ्याचं घेतलं, जास्वंदीचं घेतलं, कुंपणापलीकडे जाऊन शेजारच्या पुजाऱ्यांच्या पेरूचं घेतलं. तिन्ही सारखी निघाली आणि त्यांच्याशी ताडून पाहिलं तर चाफा बरोबर शून्यावर आला. वेगळा होता तो कढीपत्ता.

तिनं वृषालीला विचारलं, त्या दिवशी नळापाशी काय केलं होतं.

वृषालीला आठवायला वेळ लागला नाही. रक्षा घालून आल्यावर सगळ्यांनी तिथं हातपाय धुतले होते. पंधरा-वीस माणसं. धैर्यशीलनं चारही पोती तिथंच झटकून, खळखळून धुतली होती आणि वाळत घातली होती. ती पोती नंतर कित्येक वर्षं नळाखाली पायपुसणं म्हणून होती. कढीपत्ता तेव्हा वीतभर होता. दरवर्षी तिथं भांड्यांचं पाणी पडायचं, भाजीची देठं पडायची, गांडुळं असायची.

“थोडी रक्षा, भरपूर पाणी, जिवंत माती,” तहसीन म्हणाली. “त्यानं घेतली. काकू, ही पोच आहे. लहान आहे, पण स्वच्छ आहे. वेंगुर्ल्याची खूण आहे तिच्यात.”

वृषाली नळाच्या कट्ट्यावर बसली. दहा वर्षं तिनं त्या झाडाची पानं ओरबाडली होती. आमटीत, पोह्यांत, चिवड्यात. शेजारच्या पुजारीबाई रोज सकाळी दोन डहाळ्या मागून नेत. ओवीला दिवाळीच्या डब्याबरोबर वाळवून पाठवला होता. मागच्या महिन्यात फार वाढला म्हणून अर्धा छाटून घंटागाडीत टाकला होता. त्या छाटलेल्या अर्ध्याची तिला आता आठवण झाली. मग तिला हसू आलं आणि ते थांबेना. तहसीन घाबरून पाणी आणायला धावली.

वृषालीनं फोन लावला तेव्हा ओवी कामावर होती. वृषालीनं सगळं क्रमानं सांगितलं. मग ओवी म्हणाली, “म्हणजे पुजारीकाकूंकडं बाबा रोज सकाळी जात होते?”

“हो.”

“अन् तू त्या दगडावर बसत होतीस.”

“हो गं,” वृषाली म्हणाली. “त्यांच्याकडं पाठ करून.”

फोन कुणी ठेवला नाही.

तरीही रक्षा बागेत पसरायला वृषालीनं लगेच होकार दिला नाही. तिची अडचण साधी होती आणि ती तिनं तहसीनला स्पष्ट सांगितली. आज ते कुठं आहेत हे मला माहीत आहे. पसरल्यावर ते कुठंही असतील. मग मी कुठं बसू? तहसीन फक्त म्हणाली की तुम्ही ठरवा, घाई नाही, झाडाला अजून एक उन्हाळा आहे. त्या संध्याकाळी वृषाली दगडावर बसली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं बागेवर नजर फिरवली, चाफ्यापासून नळापर्यंत आणि नळापासून फाटकापर्यंत. एवढ्या जागेत एक माणूस सांभाळायचा म्हणजे फार होतं. आणि एका खड्ड्यात, तर फारच थोडं.

दिवाळी सरल्यावर रक्षा उकरायचं काम सुरू झालं. ओवी चार दिवसांची सुट्टी काढून आली. धैर्यशीलनं गडी आणतो म्हटलं, वृषाली नको म्हणाली. माती दोन फूट काढल्यावर तो गोळा लागला. पांढरा, टणक, चुन्याच्या ढेपेसारखा. कुदळ त्यावर वाजली तशी वृषालीनं ओवीच्या हातातून ती घेतली आणि बाजूला ठेवली. मग दोघींनी तो खुरप्यानं आणि हातांनी फोडला. आतून तो कोरडा होता. दहा पावसाळे त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

फोडता फोडता वृषालीच्या बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. नखाएवढं. तिनं ते पदराला पुसलं. दाताचा तुकडा होता की नुसता खडा, हे सांगता आलं नसतं. तहसीनच्या लेझरखाली धरलं असतं तर कळलं असतं. वेंगुर्ल्यातलं लहानपण त्यातच असतं, हे तिला आता माहीत होतं. ओवी बघत होती. वृषालीनं तो मुठीत धरून बराच वेळ काम केलं, एका हातानं. मग घमेल्यातल्या भुग्यात सोडला आणि फावड्यानं घमेलं ढवळलं.

“आई.”

“काय?”

“काकांना ओंजळभर पाठवू या का?”

वृषालीनं डब्यात ओंजळ भरली. पहिली ओंजळ तिला लहान वाटली, म्हणून आणखी एक घातली.

उरलेलं सगळं गंधक आणि खत मिसळून त्यांनी बागेभर पसरलं. तहसीननं सांगितलं होतं तसं, बोटाच्या पेराएवढ्या थराहून जाड नाही. जास्वंदीखाली, मोगऱ्याखाली, वांग्यांच्या वाफ्यात. धैर्यशीलनं फाटकाबाहेरच्या गुलमोहराखालीही दोन फावडी टाकली. भावजींना येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायची सवय होती, म्हणाला. शेवटी तहसीननं पुजाऱ्यांच्या पेरूखालची निरोगी माती आणून चाफ्याच्या रिकाम्या खड्ड्यात भरली. त्या मातीत बुरशीचे तंतू असतात, ते मुळांना वाट दाखवतात. दाखवतीलच असं नाही, हेही तिनं सांगून ठेवलं.

ओवी नाशिकला गेली. डबा वेंगुर्ल्याला पोचला. उदयच्या भावानं फोन करून सांगितलं की भरतीच्या वेळी रक्षा सोडली.

हिवाळ्यात चाफ्याची बरीच पानं गळाली. मिश्रणाचा ताण असेल किंवा झाड चाललं असेल, तहसीननं दोन्ही शक्यता सांगितल्या. वृषाली सकाळी उठून पहिल्यांदा झाडाखालची पानं मोजायची, मग मोजायचं सोडलं. संध्याकाळी ती आता एका जागी बसत नाही. दिवा लावून झाला की बागेत हिंडते. कधी वांग्यांपाशी थांबते, कधी फाटकापाशी. पुजारीबाईंनी विचारलं, काय शोधता. ती म्हणाली, काही नाही, फिरते.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी तहसीननं टोचणी पुन्हा दाबली. जुन्या खड्ड्याच्या कडेला, पूर्वेकडून, केसाएवढी तीन मुळं आत वळलेली दिसली. त्यांतलं एक टोकाशी काळं पडलं होतं, दोन जिवंत होती. शेंड्याला एक नवं पान होतं, पोपटी. त्याच्यात लोह आलंय की ते कोवळं असल्यामुळेच तसं दिसतंय, हे आणखी पंधरा दिवसांनी कळेल. तहसीननं त्याचा कोपरा कापून लेझरखाली धरला. आकडा शून्याच्या किंचित वर होता, यंत्राची चूक धरली तर शून्याइतकाच. निकालाच्या जागी तिनं लिहिलं, ‘अद्याप सांगता येत नाही’, आणि एक प्रत नाशिकला पाठवली.